पहिलटकर बाबा

भाद्रपद सरत आला, गणपती गावाला गेले आणि पावसानं काढता पाय घेतला, की पहिलटकर बाबा घराबाहेर पडतो. पोटावर मूल बांधलेलं, पाठीवर फुगलेली पिशवी, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मुलाच्या तोंडातून नुकतंच काढून घेतलेलं काहीतरी. तो डोंबिवलीत आहे, नाशकात आहे, कोल्हापुरातही आहे. पुण्यात मात्र तो न विचारता माहितीही देतो.

आमच्या पाहण्यातला नमुना कोथरूडचा. मुलीचं वय विचारलं तर तो कधी वर्षांत सांगत नाही. "सव्वीस महिने," म्हणतो. समोरचा माणूस मनातल्या मनात बाराने भागत बसतो, तोवर याच्या फोनमधला तक्ता उघडलेला असतो. पहिलं हसू, पहिली कूस, पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द. प्रत्येकापुढं तारीख, वेळ, ठिकाण आणि शेरा. पहिल्या शब्दाच्या रकान्यात 'बाबा' असं ठळक लिहिलंय. बायकोचं म्हणणं असं की मुलगी 'बा' म्हणाली तेव्हा समोर बाबा नव्हता, बादली होती. तेव्हापासून तिथल्या शेऱ्यात 'वादग्रस्त' एवढंच आहे.

या तक्त्याला आधार साधासुधा नाही, जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ मुलांच्या वाढीवर नजर ठेवली आणि २००६ साली निष्कर्ष छापले. निरोगी मूल कुणाचाही आधार न घेता चालायला लागतं ते ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत केव्हाही. शंभरातली चारेक मुलं तर हातगुडघ्यांवर रांगण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. आईबापांनी उगाच जिवाला घोर लावून घेऊ नये, म्हणून ही एवढी ऐसपैस मुदत. बाबानं ती नीट वाचली आणि ८.२ वर खूण केली.

मुलगी चौदाव्या महिन्यात चालली. मधले सहा महिने घरात कसे गेले ते बायकोला विचारावं.

उष्टावणाच्या वेळी असाच पेच पडला होता. आजींचं म्हणणं, मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात, म्हणजे पाचव्या नाहीतर सातव्या. डॉक्टरांचं म्हणणं, सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय थेंबही नाही. आठवडाभर घरात दोन पक्ष होते. शेवटी एरवी वर्तमानपत्राच्या आडून बाहेर न येणारे आजोबा, पान खाली न करता म्हणाले, "सहा पूर्ण झाले म्हणजे सातवा लागला ना?" शास्त्रही सुटलं, डॉक्टरही सुटले. बाबाला मात्र चुटपुट लागून राहिली, की रकान्यात आता सहा लिहायचे की सात.

हेच आजोबा याच बाबाला लहानपणी दर जूनमध्ये "कितवीला गेलास रे?" असं विचारत. त्यावरून त्यांना कुणी वाईट बाप म्हटलं नाही. तेव्हा बापाकडून तेवढीच अपेक्षा होती आणि ती ते चोख पार पाडत. त्यांच्या मुलाला आज ताप मोजता येतो, पेज करता येते, आंघोळीचं पाणी कोपरानं तपासता येतं आणि अंधारात डायपरची पुढची बाजू ओळखता येते. या घराण्यात मुलाचं ढुंगण धुणारा तो पहिलाच पुरुष. ही नोंद मात्र तक्त्यात नाही.

तर सहल. सव्वीस महिन्यांच्या कन्येला पहिलं जागतिक वारसास्थळ दाखवायचं ठरलं. सातारचं कास पठार. २०१२ साली पश्चिम घाटाला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, त्यात हे पठार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच, सातारा शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, आणि साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती. सप्टेंबरच्या बहरात ऑनलाइन नोंदणी लागते, वेळ ठरवून घ्यावी लागते. सकाळची वेळ मिळाली म्हणून बाबा आदल्या दिवशीपासून खुशीत होता. पहाटे पाचला निघायचं ठरलं. पाचला मुलगी झोपलेली होती, सहाला ती उठली पण आजोबा आत होते, सातला आजोबा बाहेर आले आणि मुलीनं कपडे बदलण्याजोगा उद्योग केला. गाडीनं नवा कात्रज बोगदा ओलांडला तेव्हा आठ वाजून गेले होते आणि बाबा कुणाशी बोलत नव्हता.

तो पुन्हा बोलायला लागला तो थेट खंबाटकीत. "बघ बघ, पिल्लू, हा तुझा पहिला घाट!" पिल्लूनं घाट बघितला आणि सकाळचा सगळा रव्याचा शिरा सीटवर, आजींच्या पदरावर आणि काही अंशी पहिल्या घाटाच्या व्हिडिओवर आला. आजींनी शांतपणे पिशवीतलं लिंबू काढून तिच्या नाकाशी धरलं. त्या निघताना लिंबू घेतात हे बाबाला ठाऊक होतं, त्यावर तो "आई, त्याला काही शास्त्रीय आधार नाही" असंही म्हणाला होता. त्याच्या पिशवीत ओल्या रुमालांची तीन पाकिटं, थर्मामीटर, टोपी, दुसरी टोपी, पावसाची टोपी, डासांचा मलम आणि फुलांचं सचित्र पुस्तक होतं. ती पिशवी डिकीत, सगळ्यात खाली होती.

"हेही लिही," बायको म्हणाली. ती चिडून म्हणाली होती. त्यानं खरंच लिहिलं.

कासचं पठार पहिल्यांदा बघणाऱ्याची थोडी निराशा होते, हे कुणी सांगत नाही. फोटोत जांभळा-पिवळा गालिचा असतो. प्रत्यक्षात वाहनतळावर गाडी लावून पुढं बसनं गेल्यावर आधी दिसतो काळपट जांभा खडक, त्यावर बोटभर मातीचा थर, डबकी, धुकं आणि छत्र्या. फुलं असतात, पण बहुतेक नखाएवढी. ती पाहायची तर वाकावं लागतं, उकिडवं बसावं लागतं, चष्मा पुसावा लागतो. एका माणसाला मात्र यातलं काहीच करावं लागत नाही. ज्याची उंचीच अडीच-पावणेतीन फूट, त्याच्या डोळ्यांपासून ही दुनिया फार लांब नसते.

बाबानं पुस्तक उघडून शिकवणी सुरू केली. ही सीतेची आसवं, जांभळी, नाजूक. पण मातीखाली हिच्या इवल्या पिशव्या असतात आणि त्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते. हा गेंद, पांढऱ्या बटणासारखा. हा पिवळा, लाल ठिपक्यांचा कवला. याला सगळे मिकी माऊस म्हणतात. मुलीनं मिकी माऊस पाहिला, "नाही" म्हणाली आणि पुढं गेली. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, यंदा तिची पाळी नव्हती. तेवढ्यात बाबानं पुढच्या बहराला कन्या कितवीत असेल याचा हिशेब करून फोनमध्ये गजरही लावून टाकला. काही वर्षांनंतरचा गजर.

मुलगी थबकली ती दवबिंदूपाशी. तांबूस पानं, पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा चिकट थेंब, आणि त्यात अडकलेली एक चिलटाएवढी माशी, अजून एक पाय हलवणारी. मुलीनं गुडघ्यांवर हात ठेवले आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"काय कत्तो?"

"तो ना, जेवतोय," आई म्हणाली. बाबा 'कीटकभक्षी' हा शब्द सोपा करून सांगायच्या खटपटीत होता, तोवर विषय संपलाही होता. त्यानंतर मुलगी पठारावरच्या दिसेल त्या फुलाला "जेवला?" असं विचारत चालली. एका फुलाचं उत्तर तिला पटलं नसावं, कारण तिनं ते सरळ मुठीत धरलं. लगेच शिट्टी वाजली. देखरेखीवरच्या गावातल्या बाई लांबून ओरडल्या, "ओ दादा, पोरीला आवरा! फुलं तोडायची न्हाईत!" दादानं तिथंच मुलीला जागतिक वारशाचं महत्त्व समजावून सांगितलं. तिनं जांभा खडकावर बसकण मारून जे भोकाड पसरलं, ते धुक्यात बरंच लांबपर्यंत गेलं असणार.

खरी गंमत परतीच्या वाटेवर, यवतेश्वरच्या घाटात झाली. रस्त्याच्या कडेला तेरडा माजला होता, फुलांच्या खाली फुगीर बोंडं धरली होती. आजींनी गाडी थांबवायला लावली. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फट्कन फुटतं, साल गुंडाळी होऊन आक्रसते आणि बिया चहूकडे उडतात. सातारा भागात वाढलेल्या आजींना हे कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनी नातीलाही शिकवलं नाही. फक्त एक फोडून दाखवलं. मुलगी दचकली, मग हसली, मग दुसरं बोंड शोधायला लागली. बाबानं फोन रोखला. त्या व्हिडिओत आज एवढंच आहे: तेरड्याची झुडपं, मुलीचं पुढं आलेलं बोट, पडद्याबाहेरून बाबाचा आवाज, "हळू, हळू, लाव बोट, इकडे बघ, पिल्लू, इकडे!", आणि बोंड फुटतं त्या नेमक्या क्षणी आज्ञाधारकपणे कॅमेऱ्याकडे वळलेला एक गोंधळलेला चेहरा.

साताऱ्यात कंदी पेढे घेतले. दोन वर्षांपर्यंत साखर नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य बाबानं कसोशीनं पाळलं होतं, तेव्हा हा पहिला पेढा म्हणजे मोठाच टप्पा. मुलीनं पेढा तोंडात टाकला आणि सराईतासारखा चघळला. बाबा तारीख टाकणार तोच आजी म्हणाल्या, "पहिला कसला? पहिल्या गणपतीत मोदकाचं सारण चाटवलं नव्हतं का मी? आणि पाडव्याला श्रीखंड." गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. येताना खंबाटकीला बोगदा लागतो, घाटातली वळणं नाहीत, त्यामुळे दुसरा प्रसंग काही घडला नाही.

आश्विन लागला की बाबाला उसंत नसते. नवरात्रात सोसायटीत भोंडला. पाटावर हत्ती काढलेला, भोवती बायका-मुलींचा फेर, आणि फेराच्या आत, हत्तीपेक्षा जास्त जागा अडवून, कन्येचा पहिला भोंडला टिपणारा बाबा. खिरापत ओळखायच्या वेळी त्यानंच "ढोकळा!" असं ओरडून सगळ्यांचा विरस केला, स्वयंपाकघरात तो आधी जाऊन आला होता. दसऱ्याला पाटीपूजन. एक-एक आकडा जोडून पाटीवर सरस्वती काढायची, फुलं वाहायची, आपट्याचं पान ठेवायचं. मुलीच्या हातून पहिला 'श्री' गिरवून घ्यायचा बेत होता. तिनं पेन्सिल नीट पाहिली आणि कडाकडा खाल्ली. घाबरून बाबानं डॉक्टरांना फोन लावला. आजोबा पानाआडून म्हणाले, "तूही खायचास." दिवाळीतल्या किल्ल्याबद्दल बोलायलाच नको, तो सबंध बाबाच बांधतो आणि मुलीला हात लावू देत नाही.

कोजागिरीला या घरात आश्विनी असते. आश्विनातल्या पौर्णिमेला घरातल्या पहिल्या अपत्याला पाटावर बसवून ओवाळायचं, नवं काहीतरी द्यायचं. गच्चीत आटीव दूध उकळत होतं, चारोळ्या-वेलदोड्याचा वास सुटला होता. आजींनी नातीला ओवाळलं, मग म्हणाल्या, "आता तू बस." बाबाही थोरला. अडतीस वर्षांचा घोडा पाटावर मांडी घालून बसला, टोपी घातली, कपाळाला कुंकू लावून घेतलं. आईनं त्याच्याभोवती ताम्हन फिरवलं तेव्हा त्याच्या मनात काय यावं?

"आई, मी कधी चाललो गं?"

"अं?"

"म्हणजे कितव्या महिन्यात? पहिलं पाऊल."

"महिना कोण बघतंय. माझ्या बहिणीच्या लग्नात चाललास. अक्षता पडत होत्या आणि तू मांडवातून सुटलास तो थेट आचाऱ्याकडे."

त्या लग्नाची पत्रिका अजून आजोबांच्या कपाटात होती. ती शोधली गेली. मे महिना. बाबाचा जन्म आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला. त्यानं पाटावरच बोटं मोजली. पंधरा महिने. फोन काढून तक्ता पाहिला. ८.२ ते १७.६. बसतो! चेहऱ्यावर अशी काही सुटका पसरली, की बायकोनं हसू लपवायला दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं. त्यानं नवा रकाना उघडून स्वतःचं नाव टाकलं आणि तारीख लिहायला घेतली.

"थांब रे," ताम्हन खाली ठेवता ठेवता आजी म्हणाल्या. "आचारी धाकटीच्या लग्नात होता. थोरलीच्या लग्नात पंगत आम्हीच रांधली होती. धाकटीचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी."