खांदा टेकला काय?

तळेगाव (श्यामजी पंत) इथं नागपूर–अमरावती हायवेच्या कडेला एखाद्या ट्रॅक्टरचं इंजिन चेनकप्पीला लागलं, की काकाजी उगवलेच समजा. गॅरेज त्यांचं नाही, ट्रॅक्टर त्यांचा नाही, कुणी बोलावलेलं नाही.

"खांदा टेकला काय बे?"

खांदा आयबोल्टचा. कडीखालची गोल बैठक लोखंडाला चिकटेस्तोवर बोल्ट आत गेला पाहिजे. काकाजी खिशातून जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा काढतात आणि फटीत सरकवून पाहतात. "कार्ड गेलं, म्हनजे इंजिनबी जाते!"

मिस्तरी वैतागतो. बारा एमएमचा आयबोल्ट सरळ ओढीला 340 किलो पेलतो, तेही दोन लावलेत, इंजिन तीनशेचं. काकाजी एवढाच शब्द उचलतात : "सरळ ना? मंग साखळ्या काहून फाकवल्या?" लगेच दोन पोट्ट्यांच्या हाती भरली बादली देऊन त्यांना एकमेकांपासून लांब सरकवतात. साखळ्यांमधला कोन 120 अंशांचा झाला, की प्रत्येकीवर दीडशे नाही, पुरते तीनशे किलो येतात. वर कडीला तिरपा हिसका वेगळाच. पोट्टे भिजतात, इंजिन जागेवर.

नातवाच्या बारशाला त्यांनी पाळण्यात आधी युरियाचं 45 किलोचं पोतं झुलवलं. काकू म्हणाल्या, "आता त्याचंच नाव ठेवून टाका." खंडेनवमीला आयबोल्टची पूजा होते, पण कुंकू लावणाऱ्यावर ते ओरडतात, "आट्यात नोको!"

औंदा पुतण्यानं चाकणहून झटपट सुटणारी लिफ्टिंग पिन आणली. बटण दाबलं की आटे पोटात, भोकात घालून सोडलं की आटे धरतात, मग जरासा पीळ. फक्त भार असताना बटणाला हात लावायचा नाही. काकाजी भडकले, "फेऱ्याबिगर संसार टिकते काय?" मात्र दुपारभर ओट्यावर खाट, खाट आवाज येत होता. काकूंनी खिडकीतून पाहिलं, तर काकाजी बटण दाबून आट्यांना लपवत होते, काढत होते.

दुसऱ्या दिवशी पिन सोळा एमएमच्या भोकात बसली. पुतण्यानं चेन हातात घेतली.

"थांब."

काकाजींचा हात खिशात गेला होता.