काका अजून जगून राहिले

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाच्या नियमांत एक तक्ता आहे. वयाची ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरी गाठली की एकदम १०० टक्के. सहाव्या वेतन आयोगापासूनची ही सोय आहे. पन्नासवरून थेट शंभरावर सरकार एवढं सढळ का झालं, ते उघड आहे. तिथवर येतंय कोण? मी उभी नोकरी लोकांच्या प्रवासभत्त्याची बिलं त्रुटी काढून परत पाठवण्यात घालवली. समोरच्यानं भरवसा ठेवून सोडलेली त्रुटी मला लांबून दिसते. सरकारची ही त्रुटी हेरून शंभरीला दुप्पट पेन्शन उचलायची, असं मी निवृत्तीनंतर ठरवलं. एकशेवीसपर्यंत जगलो तर बायकोला न सांगता काही बाजूलाही पडेल, असा अंदाज होता.

आधी सगळं वाचून काढलं. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडचं सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होतं, आता सत्तरीला आलं आहे. यात म्हातारे चिवट झाले यापेक्षा लेकरं वाचायला लागली हा भाग मोठा; पण हिशेब आपल्या बाजूनं लागत असताना तळटीप कोण वाचतो? मग लिओनार्ड हेफ्लिक भेटले. माणसाची साधी पेशी प्रयोगशाळेत पन्नासेक वेळा दुभंगते आणि मग कायमची थांबते, असं या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६१ मध्ये दाखवलं. दर खेपेला गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात. पेशीलासुद्धा सेवानिवृत्तीचं वय आहे, आणि मुदतवाढ मिळवते ती कर्करोगाची पेशी. आमच्या खात्यातही साधारण असंच होतं.

आशा दाखवली ती उंदरांनी. कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये अर्धपोटी ठेवलेले उंदीर भरपेट उंदरांपेक्षा पुष्कळ जास्त जगले. आणि कमी वेळा जेवण्याचा उपदेश तर आम्हा नागपूरकरांच्या घरचाच. विसेक पदव्या घेतलेले, ऐन तारुण्यात आमदार झालेले आमचे डॉ. श्रीकांत जिचकार भाषणांतून सांगत, की दिवसातून दोनदाच जेवा. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तेच सूत्र घरोघरी नेलं: कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि मधे काही नाही, कारण तोंडात काही पडलं की इन्सुलिन सुटलंच. जिचकार स्वतः २००४ मध्ये कोंढाळीजवळ अपघातात गेले, पन्नाशीही न गाठता. अख्खं शहर हळहळलं होतं. आयुर्मानाच्या कुठल्याच तक्त्यात अमरावती रोडला रकाना नसतो.

दीक्षितांचं पुस्तक आणलं, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि सुरुवात केली. शास्त्राबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अडचण अशी, की हे शास्त्र मी नागपुरात पाळत होतो.

नागपुरात माणूस चहाला नाही म्हणाला की त्याचे दोनच अर्थ होतात: भांडण झालंय किंवा काहीतरी निघालंय. माझं कोणाशी भांडण नव्हतं. पहिल्या घरी मी हात जोडून “नको” म्हटलं, तर वहिनींनी आवाज खाली आणून विचारलं, “शुगर निघाली का भाऊजी?” मी म्हटलं, “नाही, तब्येत उत्तम आहे.” त्यावर त्यांनी नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की शुगरवर भागलं असतं तर बरं होतं. अंबाझरीच्या फिरायच्या मंडळींनी कस्तुरचंद पार्काचे तर्री-पोहे खायचा बेत केला. मी बाजूला उभा राहून पाणी प्यायलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक जण मला स्वतःच्या डॉक्टरचं कार्ड देऊन गेला.

खरा घोळ झाला तो साडूच्या मुलीच्या साखरपुड्यात. गोळाभात होता. मोकळा, वाफाळता भात, त्यावर कुस्करलेला हरभरा डाळीचा गोळा, आणि वाढप्याच्या हातातल्या पळीत लाल मिरच्या तडतडवलेलं तेल. ते तेल गोळ्यावर पडताना जो चर्र आवाज होतो, तो ऐकून इन्सुलिन बहुधा न जेवतासुद्धा सुटत असावं. मी ताटावर हात आडवा धरला. माझी दुपारची पंचावन्न मिनिटं घरूनच उरकली होती. वाढपी थांबला, रांग थांबली. माझी गोळाभाताची ख्याती ठाऊक असलेली एक मावशी डोळ्याला पदर लावून म्हणाली, “राहू द्या रे, नका त्याले आग्रह करू.” त्या दिवसापासून मला कोणीच आग्रह केला नाही. लोक फक्त हात हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवायचे.

वजन उतरत होतं. पँटा ढगळ झाल्या. मी दर थोड्या दिवसांनी उपाशीपोटी रक्त तपासायला लॅबमध्ये जायचो, आणि येताना गल्लीतलं कोणीतरी हमखास दिसायचं. बायको म्हणाली, “काऊन हो, तुम्ही जगायची तयारी करून राहिले का जायची? मला काही समजून नाही राहिलं.”

मी मागे हटलो नाही. अमेरिकेत ब्रायन जॉन्सन नावाचा धनाढ्य उद्योजक आहे. मरायचंच नाही असं ठरवून तो सगळा दिवस त्यातच घालवतो. २०२३ मध्ये त्यानं आपल्या सतरा वर्षांच्या पोराच्या रक्तातला प्लाझ्मा स्वतःला टोचून घेतला, फायदा दिसला नाही म्हणून सोडूनही दिला. ययातीलाही पाच मुलांपुढे हात पसरावा लागला तेव्हा कुठे एक तयार झाला. मला एकच मुलगा, आणि तोही पुण्यात. त्याला मी फोनवर गमतीनं विचारलं. तो गप्प झाला. मग त्यानं त्याच्या आईला वेगळा फोन केला.

अशा मनःस्थितीत मी रामटेकला गेलो. कारण अमर होण्याचं जागतिक केंद्र कॅलिफोर्निया नसून आमच्यापासून एसटीनं दीड-दोन तासांवर आहे, असं माझं मत झालं होतं. तिथे नागार्जुन टेकडी आहे. पाऱ्याची रसायनं करून मृत्यूला हटवू पाहणारा तो नागार्जुन. या नावाचे किती जण होऊन गेले यावर विद्वानांचं एकमत नाही. पण गोष्ट एकाची पक्की आहे. ह्युएन त्संगनं ती लिहून ठेवली आणि ‘कथासरित्सागरा’तही ती आहे. नागार्जुनाच्या औषधानं तो स्वतः आणि त्याचा राजा शतकानुशतकं जगत राहिले. औषध लागू पडलं होतं, तक्रार फक्त युवराजाची होती. ‘कथासरित्सागरा’त राजाचं नाव चिरायू आणि युवराजाचं जीवहर, म्हणजे बारशालाच वाद ठरलेला. युवराजपदाचा अभिषेक झाल्याच्या आनंदात असलेल्या पोराला आई सांगते, बाळा, हुरळू नकोस, तुझ्याआधीचे कितीतरी युवराज वाट पाहता पाहता म्हातारे होऊन मेले. मग तो नागार्जुनाकडे जाऊन सरळ त्याचं डोकं मागतो. दानशूर नागार्जुन ते देतो. ह्युएन त्संग सांगतो, की वाळलेल्या गवताच्या पात्यानं त्यानं स्वतःच गळा कापला. पाठोपाठ राजाही गेला.

आणि हे फक्त गोष्टीत नाही. रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे जुन्या नंदिवर्धनला, वाकाटकांची राजधानी होती. राजा दुसरा रुद्रसेन लवकर वारला आणि त्याची राणी प्रभावतीगुप्ता, चंद्रगुप्त विक्रमादित्याची लेक, मुलांच्या वतीनं कारभार बघू लागली. पुण्यात सापडलेला तिचा ताम्रपट तेराव्या वर्षाचा आहे, आणि त्यात थोरला दिवाकरसेन अजून ‘युवराज’च आहे. तो कधी राजा झालाच नाही. गादी पुढे धाकट्याला मिळाली. रिद्धपूरच्या ताम्रपटात प्रभावतीला शंभरीपार नेणारं विशेषण आहे. ती खरंच तेवढी जगली, की ती मुला-नातवंडांसाठीची शुभेच्छा आहे, यावर अभ्यासक भांडतात. दिवाकरसेनाला कोणी विचारलेलं नाही.

हे सगळं मी गडमंदिराच्या पायऱ्यांवर बसून आठवत होतो, कारण पुढे चढवत नव्हतं. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. पिशवीत च्यवनप्राशाची बाटली, आवळ्याची चूर्णं आणि एका अमेरिकास्थित मित्रानं पाठवलेल्या महागड्या कॅप्सूल होत्या. मी अंधारी आल्यासारखं होऊन डोळे मिटले, आणि रामटेकच्या वानरानं पिशवी ओढली. काळ्या तोंडाचं, चांगलं दांडगं वानर होतं. ते समोरच्या कठड्यावर बसलं. आधी त्यानं कॅप्सूलची डबी फोडली, एक चावली, थुंकली आणि बाकीच्या एकेक करून खाली सोडल्या. च्यवनप्राशात बोट घातलं, चाटलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चाटलं. च्यवन ऋषींना त्या अवलेहानं तारुण्य दिलं म्हणतात. वानराला निदान चव आवडली. मी उठून हाकलायला गेलो आणि तिथेच खाली बसलो. फुटाणे विकणारी बाई धावत आली. तिनं माझ्या तोंडात साखरेची चिमूट घातली आणि कोणालातरी म्हणाली, “यायच्या फोनात घरचा नंबर पाहा नं. एकटेच आले दिसते बिचारे.”

रामटेकमध्ये मला घेरी आली होती. मनसरच्या फाट्यापर्यंत मी कोसळलो होतो. कामठीला येईस्तोवर देवाच्या दारात प्राण अडकला होता. घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग, स्वयंपाकघरात पोह्यांचं भलंमोठं पातेलं, आणि बैठकीत सफरचंदांच्या इतक्या पिशव्या, की सिमल्यात पीक उतरलं असेल तर ते आमच्याकडेच आलं असावं. मला आधार देऊन पलंगावर बसवलं. साडूनं नॉमिनेशन सगळीकडे नीट आहे ना, एवढंच सहज विचारलं. पुण्याहून मुलगा निघाला होता.

सगळे पोहे खाऊन पांगल्यावर अकोल्याचा पुतण्या उरला. बेसा भागातल्या वडिलोपार्जित प्लॉटचा विषय आमच्यात फार दिवसांपासून आहे. त्याला विकायचाय, माझी एक सही अडली आहे. माझ्यानंतर माझा मुलगा ती डोळे मिटून करील, हे तो जाणून आहे. तो माझे पाय दाबत म्हणाला, “काका, डॉक्टर काय म्हणून राहिले? आम्हाले खरं सांगा.”

त्याला सगळं खरं सांगितलं: पेन्शनचा तक्ता, उंदीर, जिचकार, आणि मी एकशेवीसपर्यंत जगणार आहे हे. पाय दाबणं थांबलं. तो समजून घेऊन राहिलाय असं वाटून मी त्याला जान काल्मांचीही गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या आर्ल गावची बाई. पुराव्यानिशी तिच्याएवढं कोणी जगलेलं नाही: १२२ वर्षं, १६४ दिवस. १९६५ मध्ये ती नव्वदीची असताना राफ्रे नावाच्या सत्तेचाळीस वर्षांच्या वकिलानं तिच्याशी सौदा केला, की ती असेपर्यंत दरमहा २,५०० फ्रँक देईन आणि ती गेली की घर माझं. पक्का व्यवहारी माणूस. त्यानं तीस वर्षं हप्ते भरले, घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त, आणि १९९५ मध्ये सत्त्याहत्तराव्या वर्षी तोच मेला. म्हातारी होतीच. उरलेले हप्ते त्याच्या बायकोनं भरले.

पुतण्या बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. बोटांवर त्यानं काहीतरी मोजलं, बहुधा स्वतःचं वय. मग आतून बायकोनं चहाचे कप आणले, तर त्यानं ताटलीवर हात आडवा धरला.

“नको काकू,” तो म्हणाला. “काका, ते दीक्षितांचं पुस्तक वाचून झालं असंल, तर द्या बरं जरा.”