बिनतारी संसार

आमच्या घरात वायरींना तोटा नाही. टीव्हीखालच्या खणात त्यांचा असा काही गुंता आहे की एक ओढली तर सगळं खानदान बाहेर येतं. बारीक पिनच्या, जाड पिनच्या, सी टाईप, आणि एक अशी की जिचा फोन दहा वर्षांपूर्वीच भंगारात गेला; पण वायर टाकवत नाही. परवा माझा फोन ‘जागा संपत आली’ म्हणून कुरकुरायला लागला, तेव्हा त्यातले फोटो कंप्युटरवर काढून ठेवावेत म्हणून मी यातल्या सात वायरी एकामागून एक लावून पाहिल्या. प्रत्येक वेळी फोन चार्ज व्हायला लागला आणि कंप्युटर ढिम्म.

भाच्याने उलगडा केला. तो शिकायला आमच्याकडे आहे, आणि कंप्युटरच्या बाबतीत आमचा फॅमिली डॉक्टर. “मामा, या नुसत्या चार्जिंगच्या आहेत. स्वस्तातल्या वायरीत विजेच्या दोनच तारा असतात. डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात.”

म्हणजे ही वायर फोनला जेवू घालते, पण बोलू देत नाही. अशी घरं आमच्या नात्यातही आहेत.

“पण वायर हवीय कशाला? वायफाय आहे ना!” भाचा म्हणाला. मी अगोदर ब्लूटूथचं नाव काढलं. मला ब्लूटूथबद्दल एक जिव्हाळा आहे, कारण ते दहाव्या शतकातल्या हाराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचं नाव आहे आणि त्याचं ते काटेरी चिन्हही त्याच्या आद्याक्षरांच्या जुन्या लिपीतून बनवलेलं आहे. भाच्याने हिशेब मांडला. ब्लूटूथने एक जीबी न्यायला तासाच्या वर लागतो, तुमच्याकडे चाळीस जीबी आहेत. राजा जिवंत असता तर एवढ्यात दुसरी मोहीम काढून परत आला असता. आम्ही पूर्वी ज्या शेअरइटने सिनेमे इकडून तिकडे करायचो, ते जून २०२० मध्ये सरकारने बंद केलेल्या ५९ ॲपांमध्ये गेलं. उरलं एफटीपी.

एफटीपी म्हणजे फाईल इकडून तिकडे नेण्याचा शिरस्ता. नाव ऐकून मला वाटलं, काहीतरी कालच निघालेलं असेल. तर हा शिरस्ता पहिल्यांदा कागदावर मांडला तो एप्रिल १९७१ मध्ये, अमेरिकेत एमआयटीमध्ये बसून, अभय भूषण या अलाहाबादच्या माणसाने. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. त्या काळी आमच्या आळीत एकच फोन होता, त्याला जाडजूड वायर होती आणि तो उचलायलासुद्धा समोरच्यांची परवानगी लागायची. आणि आपला एक माणूस तिकडे माझ्या आजच्या अडचणीची सोय करून ठेवत होता! मला एकदम भरून आलं.

“पण याने महिन्याचा डेटा संपणार नाही ना?” भरून आलं तरी मध्यमवर्गीय माणूस हा प्रश्न विचारतोच.

“मामा, स्वयंपाकघरातून बाहेर पोहे आणायला टोल भरता का? माल घरातल्या घरात फिरतो. नेट बंद असलं तरी चालतं, राउटर चालू पाहिजे फक्त.”

त्याने माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. त्यातलं बटण दाबल्यावर एक पत्ता आला: १९२.१६८.१.५, आणि पुढे २१२१. हा पत्ता मी अगोदर ब्राउझरमध्ये टाकला. काही झालं नाही, कारण बड्या ब्राउझरांनी एफटीपीला २०२१ सालीच दार बंद केलंय. तो टाकायचा ‘धिस पीसी’च्या खिडकीत, वरच्या पट्टीत. टाकला, आणि माझा फोन कंप्युटरवर पसरला. मध्ये तार नाही, काही नाही. फोन आतल्या खोलीत उशीखाली, आणि मी बाहेर बसून त्याचे खण उघडतोय. सत्यनारायणाच्या कथेत सांगायला हरकत नाही असा तो प्रसंग होता.

तेवढ्यात मला शंका आली. “हा पत्ता सगळ्या जगात माझाच?”

“छे! १९२.१६८ घरोघरी असतो. शेजाऱ्यांकडेही हाच असेल.”

हे मात्र मला लगेच कळलं. ‘मारुतीच्या देवळामागे, पिंपळाशेजारी’ हा पत्ता प्रत्येक गावात असतो. गावातल्या माणसाला पुरतो, गावाबाहेर त्याला अर्थ नाही. पासवर्ड घालू का, असं भाच्याने विचारलं. मी म्हटलं, घरातल्या घरात कसला पासवर्ड? आपण काय कपाटाला कुलपं लावतो? हे वाक्य मी का बोललो, याचा पुढे बराच विचार केला.

पहिला दिवस कौतुकात गेला. नाही म्हणायला एक अडचण आली. नातेवाइकांकडच्या मंगळागौरीचा १.४ जीबीचा व्हिडिओ ६३ टक्क्यांवर येऊन अडायचा. तीनदा अडला. चौथ्या वेळी लक्षात आलं की स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लागला की तो अडतो. राउटर फ्रिजवर, मायक्रोवेव्ह शेजारी, आणि दोघांच्या लहरी जवळपास सारख्याच, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या गोंगाटात बुडतं. “अगं, पाच मिनिटं दूध तापवू नकोस, मंगळागौर येतेय,” असं मी आतल्या दिशेने ओरडलो. आतून आलेलं उत्तर एफटीपीने नेता येण्यासारखं नव्हतं.

त्याच दिवशी भाच्याने कौतुकाच्या भरात बायकोच्या फोनमध्येही तेच ॲप टाकून दिलं होतं. तिने एकदा पाहिलं, “बरं,” म्हणाली आणि फोन बाजूला ठेवला. ॲप बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. नंतर दोन दिवस ती म्हणत होती, “अहो, माझी बॅटरी दुपारीच उतरते.” मी म्हटलं, फोन जुना झालाय. नवऱ्याचं निदान नेहमी असंच असतं: वस्तू जुनी झालीय.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा बसलो. तोच पत्ता टाकला. फोन उघडला. आत नेहमीचेच फोल्डर: डीसीआयएम, डाउनलोड, अँड्रॉइड. अँड्रॉइडमध्ये मीडिया, मीडियात व्हॉट्सॲप, त्यात पुन्हा व्हॉट्सॲप, त्यात पुन्हा मीडिया. सदाशिव पेठेतला वाडा शोधावा तसं हे बोळातून बोळात जाणं. शेवटी इमेजेस. शुभ सकाळचे गुलाब, कपबशीतून निघणारी वाफ, उगवता सूर्य, एकादशीचा विठोबा. मी निर्दयपणे उडवायला सुरुवात केली. तीनशेएक शुभ सकाळी गेल्यावर मनाला जरा वाटलं की आपले मित्र अलीकडे फार भाविक झालेत. मग साड्या लागल्या. एकाच साडीचे नऊ फोटो, पदर वेगवेगळा धरलेला. तरीही मला काही कळलं नाही. मला वाटलं, कुठल्यातरी ग्रुपवर आले असतील.

इमेजेसच्या पोटात ‘सेंट’ नावाचा एक फोल्डर असतो. आपण जे जे दुसऱ्याला पाठवतो त्याची नक्कल तिथे जमा होते. जागा खाणारं हे दुसरं बीळ. ते उघडलं आणि समोर मी होतो.

आरामखुर्चीत. तोंड उघडं. पोटावर पेपर, पेपरवर चष्मा, आणि बनियनला पडलेलं ते भोक, जे मी कुणाला दिसत नाही असं समजत होतो.

हा फोन माझा नव्हता.

नंतर भाच्याने समजावलं की राउटर हे पत्ते कायमचे देत नाही, कॉट बेसिसवर देतो. पुण्यात शिकलेल्याला हे वेगळं सांगायला नको. एकाने खाट सोडली की दुसरा त्याच खाटेवर. मध्ये वीज गेली होती. परत आल्यावर पाच नंबरची खाट बायकोच्या फोनला मिळाली आणि माझा गेला सातावर. पासवर्ड नव्हताच. वायर असती तर ती एका फोनच्या पोटात शिरली असती आणि तो कुणाचा आहे हे कव्हरवरून तरी कळलं असतं.

हे सगळं मागाहून. त्या क्षणी मी दोन गोष्टी केल्या. तो फोटो उडवला. नेटवर्कवरून उडवलेली फाईल रीसायकल बिनमध्ये जात नाही, कायमची जाते, हे वाचून प्रथमच बरं वाटलं. आणि मग आठवलं की फोल्डरचं नाव ‘सेंट’ होतं. म्हणजे तो गेलेला आहे. तिच्या माहेरच्या ग्रुपवर सत्तेचाळीस माणसं आहेत.

संध्याकाळी बायको फोन हातात घेऊन आली. “अहो, माझ्या फोनमधून एक फोटो गेलाय.”

“कुठला?”

ती क्षणभर थांबली. “काही नाही. असाच.” मग जरा वेळाने, “शुभ सकाळवालेही सगळे गेलेत.”

“फोन जुना झालाय,” मी म्हटलं.

त्यावर आम्ही दोघांनीही विषय वाढवला नाही. ॲप आता दोन्ही फोनांत बंद आहे, राउटरमध्ये दोघांच्या खाटा भाच्याने कायमच्या राखून दिल्या आहेत, आणि मी डेटाच्या तारा असलेली एक वायर विकत आणली आहे.

सौ.च्या माहेरच्या ग्रुपवरचं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती आहे. तो फोटो तुमच्या फोनमध्ये अँड्रॉइड, मीडिया, व्हॉट्सॲप, पुन्हा व्हॉट्सॲप, पुन्हा मीडिया, इमेजेस या रस्त्याने गेल्यावर सापडेल. नाव आयएमजीने सुरू होतं, पुढे तारीख. कृपया उडवावा. बनियन मी बदललेलं आहे.