हळद बुधवारी की गुरुवारी?

पलीकडून सुपात जवळा पाखडल्याचा आवाज येता येता मध्येच थांबला की समजावं, वहिनींना बोलायचं आहे. आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत आहे. जुन्या पनवेलमध्ये अशा भिंती आता शोधाव्या लागतात; ज्यांच्या होत्या त्यांचे टॉवर झाले. आमची टिकली आहे, कारण आम्हा दोघींच्या नवऱ्यांचं बिल्डरच्या भावावर कधी एकमत झालं नाही.

"बाई, आयकला का? गुरुजींनी दोन तारखा दिल्यान. एक गुरुवारची, एक शुक्रवारची."

"मग शुक्रवार धरा की. पुढे शनिवार-रविवार, पाहुण्यांना बरं."

मी फळ्यासमोर सनावळी चुकलेल्या पोराकडे जशी पाहायचे, तशा त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "शुक्रवारी लगीन म्हंजे हलद गुरुवारी. गुरुवारच्या हलदीला काय लोकांना वरनभात घालू?"

तीस वर्षं शेजारी राहून मला एवढं कळायला हवं होतं. आगरी घरात पत्रिका लग्नाची छापतात, पण गाव येतो तो हळदीला. दुपारी धवलारीण धवले म्हणते, संध्याकाळी अंगणभर वडे-मटणाचा वास, रात्री डीजे, आणि मांडवाच्या मागच्या अंगाला, जिथे दिवा मुद्दाम लावलेला नसतो, तिथे पुरुषमाणसांची खरी पंगत. त्या पंगतीचं आमंत्रण कोणी देत नाही आणि चुकवतही कोणी नाही. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी यातलं काहीच चालत नाही. म्हणून मुहूर्त पंचांगात पाहायचा तो हळद बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी येईल असा.

"म्हणजे गुरुवारचंच लग्न ठरलं."

"हलदीचा ठरला. भांडान हाय ता रिसेप्शनचा."

भांडण वहिनींच्या मुलाने, म्हणजे नवरदेवानेच काढलं होतं. तो ऐरोलीला कंपनीत आहे. पळस्प्याच्या बाजूला हॉल घेतलाय. गुरुवारी रात्री तिथे रिसेप्शन. त्याचं म्हणणं, माझे मित्र, माझा साहेब मांडवामागे उकिडवे बसून प्लास्टिकच्या ग्लासातून पिणार नाहीत. हॉलमध्ये रीतसर काउंटर लावू, पांढरा शर्ट घातलेला माणूस ठेवू. वडील म्हणाले, ज्याला प्यायचीय त्यानं आदल्या रात्री यावं. आई म्हणाली, स्टेजवर माझा माळकरी दीर आशीर्वाद द्यायला उभा राहणार आणि समोर बाटल्यांची आरास? हॉलवाला म्हणाला, आधी परवाना आणा.

परवान्याचं नाव निघालं आणि माझ्यातली नागरिकशास्त्राची बाई जागी झाली. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे. पूर्वी मुंबईच्या नावाचा होता, आता महाराष्ट्राच्या. गंमत अशी की बंदीच्या त्याच कायद्याखाली प्यायचा परवाना मिळतो: एका दिवसाचा विदेशी दारूला 5 रुपये, देशीला 2, वर्षाचा 100, जन्मभराचा 1000. समारंभात पाजायची तर उत्पादन शुल्क खात्याकडून एका दिवसाचं वेगळं लायसन घ्यावं लागतं, त्याची फी मात्र पाच रुपये नसते. शिवाय कडक दारूला वय 25 पूर्ण लागतं, वाइनला 21.

"पंचवीस?" वहिनींनी सूप खाली ठेवलं. "मंग आमचा धाकला?"

"तो बावीसचा. त्याला कायद्यानं फार तर वाइन."

"बरा झाला. सांगते त्याला, बाई बोलल्या."

माझ्या नावाने काय काय खपवलं जातं, देव जाणे.

वाइनवरून आठवलं. नवरी नाशिककडची, घरची द्राक्षबाग. व्याह्यांनी सुचवलं, रिसेप्शनला फक्त वाइन ठेवू, आमच्याकडून. तिकडे 1999 साली सुला निघाली तेव्हापासून द्राक्षबागायतदारांना वाइन म्हणजे शेतमाल वाटतो, त्यांच्या दृष्टीने तो घरचा आहेरच. पण वहिनींच्या यजमानांना धास्ती वेगळी. साखरपुड्याला व्याह्यांनी दिली होती, तेव्हा आमच्या लोकांनी आंबट सरबत समजून तांब्याने घेतली आणि वर विचारलं, 'आता खरी कधी आनताव?'

मग आम्ही हिशेबाला बसलो. म्हणजे मी भिंतीवर खडूने, त्या बोटांवर. हळदीला पिणारे शंभर धरले, माणशी तीन लार्ज. 60 मिलीच्या मापाने एका खंब्यात बारा लार्ज. तीनशे भागिले बारा, पंचवीस खंबे. बारा-बाराच्या दोन पेट्या आणि वर एक.

"बाई, तुमी गनितात हुशार, पन आमच्यात लार्ज मोजतो कोन?"

खडू ठेवला. पण भाव तरी मोजावाच लागतो. 2025 च्या जूनमध्ये सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा देशी बनावटीच्या विदेशी दारूची 180 मिलीची क्वार्टर कमीत कमी 205 रुपयांवर गेली, देशीची 80 वर. एका खंब्यात चार क्वार्टर आणि थोडी, म्हणजे सगळ्यात स्वस्त इंग्लिश पाजली तरी दोन पेट्यांना वीस हजार कुठेच गेले नाहीत. आणि सगळ्यात स्वस्त पाजणार कोण? विमानतळासाठी जमिनी गेल्या, साडेबावीस टक्क्यांचे भूखंड आले, तेव्हापासून या पट्ट्यात घराची ऐपत बाटलीच्या लेबलावरून वाचली जाते. काही गावांनी हळदीला दारू-मटण बंदचे ठराव केले. मला ते मनापासून पटतात. वहिनींनाही पटतात, शेजारच्या गावाने केले तेव्हा जास्त.

त्या म्हणाल्या, "आमचे आजेसासऱ्यांना कवाच लेबल लागला नाय. मोवाची असायची. आधी जमिनीवर दोन थेंब देवाला, मंग मानसांना."

ते खरंच आहे. उरणला पारशांच्या भट्ट्या होत्या, मोहाच्या फुलांची दारू तिथून खाडी ओलांडून मुंबईला जायची. मग इंग्रजांनी 1892 साली ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधन आणलं. फुलं! हे सांगितल्यावर वहिनी इतक्या हसल्या की मांजरानं तेवढ्यात जवळ्याचा घास मारला.

"तुमचे बामनांच्यात बरा. भानगडच नाय."

इथे मात्र मला खरं बोलावं लागलं. माझ्या सासूबाई रोज जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घ्यायच्या. आपल्याच पनवेलचं, 1872 पासूनच्या धूतपापेश्वरचं. आसव-अरिष्टं आंबवून करतात, त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो; बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. शेवटी शेवटी सासूबाईंचे चमचे मोठे होत गेले होते.

"म्हंजे लायसन नसताना!"

"औषध होतं हो."

"आमचे ह्यांचापन औषधच हाय. थंडीवरचा."

इतक्यात त्यांचा मुलगा बाईक लावून आला. मी त्याला तिसरीपासून ओळखते, म्हणून विचारलं, "अरे, रिसेप्शनला काउंटर लावलास तरी गुरुवारी पिणार कोण? तुझी अर्धी भावकी गुरुवार पाळते."

"बाई, आयटीवाले नाही पाळत."

"तुझा साहेब कुठला?"

तो जरा घुटमळला. "सांगलीचा. दत्ताचं करतो म्हणे."

वहिनींनी सूप पुन्हा उचललं. विषय तिथेच मिटला: गुरुवारी हॉलमध्ये कोकम सरबत आणि सोलकढी, साहेबाला बुधवारी हळदीचं वेगळं आवताण, बसायला खुर्ची आणि काचेचा ग्लास. नाशिकच्या वाइनची एक पेटी विहीणबाईंचा मान राखायला घरातच फुटेल, बायकांच्या खोलीत. हे शेवटचं वाक्य वहिनींनी फार हळू सांगितलं.

उरला प्रश्न पेट्या ठेवायच्या कुठे. किल्ली माळकरी दिराकडे द्यायचं ठरलंय. अख्ख्या भावकीत न पिणारा आणि खोटं न बोलणारा तेवढा एकच. पण घरात ठेवल्या तर हळदीच्या आधीच भाचे वास काढणार.

"बाई, तुमची ती मागची खोली रिकामीच ना? तुमचे घरान शोधायला कोन येनार?"

"आधी परवाने दाखवा, नावानिशी."

"दावते की. पाच रुपयेच ना?"

रात्री आमच्या ह्यांनी विचारलं, मागच्या खोलीतली वर्तमानपत्रांची रद्दी आज अचानक कशाला काढलीस.