बाप दाखव, प्रवेश घे

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डला बजावलं : प्रवेश देताना वंश बघायचा नाही. गुणवत्ता जिंकली म्हणून पेढे वाटायच्या आधी अर्जातला पुढचा रकाना वाचा : आईवडील कुठे शिकले? तो रकाना शाबूत आहे.

त्याच खटल्यात हार्वर्डची आकडेवारी चव्हाट्यावर आली होती. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाला प्रवेश मिळे. बाकीच्यांत शंभरातल्या सहाजणांना. याला आपण वशिला म्हणतो. तिकडे म्हणतात ‘लेगसी’, म्हणजे तोच वशिला, फक्त इस्त्री केलेला.

निकालानंतरही वंशामुळे काय भोगलं, काय कमावलं, हे अर्जातल्या निबंधात लिहायची मुभा आहे. रकान्यातला वंश मात्र मोजायचा नाही.

थोडक्यात काय, सोसलं असेल तर शब्दमर्यादा पाळून निबंध लिहा, आणि तोही नीट पटवून. बाप हार्वर्डचा असेल, तर त्याचं नुसतं नाव पुरे.