काळ्या चौकटीचा कारभार

संगणकाच्या इतर सर्व खिडक्या कालमानानुसार गुळगुळीत व रंगीबेरंगी झाल्या असताना, टर्मिनल नामक जी एक काळी चौकट आपला जुना बाणा सोडावयास तयार नाही, ती मनाने अद्याप १९७८ सालच्या व्हीटी-१०० या यंत्राच्याच अमदानीत नांदते. तिच्या ओळीत प्रथमारंभी ८० रकाने असतात, कारण आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रांकित कार्डावर तेवढेच होते. ते कार्ड केव्हाच रद्दीत गेल्याची वर्दी या दरबारी अजून रुजू झालेली नाही.

या दरबारात मजकूर आणि हुकूम एकाच दरवाजाने आत येतात, आणि बहुतेक तंट्यांचे मूळ तेथेच आहे. आमच्या कचेरीतील एका उत्साही तरुणाने परवा चित्राची फाइल 'कॅट' आज्ञेने वाचावयास घेतली, तेव्हा त्या बाइटांच्या गर्दीत वर्णमाला बदलण्याचे एक फर्मान बेमालूम दडलेले असल्यामुळे, 'क्यू'च्या जागी आडवी रेघ, 'एक्स'च्या जागी उभी रेघ, असा थाट होऊन पडद्यावर वास्तुविशारदाचा नकाशा अवतरला. अशा वेळी आपण काय टंकित करतो हे दिसत नसतानाही 'रीसेट' ही अक्षरे श्रद्धेने टंकून एंटर दाबावे. श्रद्धेचे फळ इतके तत्काळ अन्यत्र क्वचितच मिळते.

देवनागरीची फिर्याद मात्र एवढ्याने निकालात निघत नाही. 'क्षितिज' लिहावे, तर ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते अक्षरानंतर आणि दिसावयाची असते अक्षराआधी. शिवाय या जोडाक्षरास किती रकाने द्यावेत, याविषयी टर्मिनलचा हिशेब एक आणि आतील प्रोग्रामचा दुसरा, त्यामुळे कर्सर शब्दापासून फटकून उभा राहतो आणि खोडावयास जावे तो भलतेच अक्षर गळून पडते.

दूरच्या सर्व्हरवर रंग उडाले आणि बाणांच्या कळा दाबताच चौकटी कंसांची पिलावळ उमटू लागली, तर 'टर्म' या चलात लिहिलेले नाव तेथील टर्मइन्फोच्या दप्तरी नोंदलेले नसण्याचाच संभव अधिक.

तेव्हा वाचकहो, पडदा बिघडताच यंत्राला दोष देऊ नये. प्रथम 'टर्म' पाहावे, नंतर लोकॅल यूटीएफ-८ आहे ना याची खातरजमा करावी, शेवटी फॉन्ट तपासावा. आणि इतके करूनही 'क्षितिज' सांधले नाही, तर मराठी मजकूर मुकाट्याने ग्राफिकल एडिटरमध्ये उघडावा.