राम आंबा खात आलेला असेल

राम आंबा खातो. मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत, कुठल्याही ट्यूशनमध्ये ही घटना दरसाल जून-जुलैत घडते, म्हणजे आंबे संपल्यावर. आणि एकदा घडायला लागली की बारा वेळा घडते. राम खातो, खात आहे, त्याने खाल्ला आहे, तो खात आलेला आहे. मग हेच सगळं काल, मग हेच सगळं उद्या. तक्त्याच्या शेवटच्या चौकटीपर्यंत कोयसुद्धा शिल्लक राहू नये, पण राम खातोच आहे. मराठवाड्याच्या केशर आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या माणसाची चिकाटी कुणी लक्षात घेतली नाही.

व्याकरणाच्या वहीत राम एकटा राहत नाही. शेजारी सीता आहे. घरोघरी मोबाइल आले तरी ती अजून पत्रच लिहिते. एक म्हातारा आहे. तो 'टू वीक टू वॉक' आहे. पोरं त्याला तिथून उठवतात आणि 'सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' मध्ये नेऊन बसवतात. दोन गुण मिळतात, म्हाताऱ्याला औषध कुणी देत नाही. एक चोर आहे, पोलीस दिसताक्षणी 'नो सूनर' म्हणत पळणारा. आणि एक रुग्ण आहे, जो डॉक्टर येण्यापूर्वी गेलेला असतो. 'द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.' आधी घडलं त्याला 'हॅड', नंतर घडलं त्याला साधा भूतकाळ. पुण्या-मुंबईच्या मुलांना हा क्रम फळ्यावर रेघ मारून दाखवावा लागत असेल. किनवट-माहूरच्या पोरांना त्यात समजावून सांगण्यासारखं फारसं काही नसतं. आधी कोण गेलं आणि नंतर कोण आलं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

संध्याकाळी लातूरच्या ट्यूशन एरियातून किंवा नांदेडच्या भाग्यनगरातून चालत निघालं, की खिडक्यांतून एक सामुदायिक आवाज येतो. गो-वेंट-गॉन, कम-केम-कम, ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट. दोनशे पानी वहीत उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडलेले, वर लाल पेनाने व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री. पाढे म्हणण्याचीच चाल, तेच हेल, शेवटच्या रूपावर तसाच जोर. क्रियापदांबद्दल पोरांची मतं ठाम असतात. कट-कट-कट आणि हर्ट-हर्ट-हर्ट ही गुणी क्रियापदं. पुट-पुट-पुट आलं की मागच्या बाकावरचा एखादा बसल्या जागी इंजिनला हँडल मारतो आणि सरांना हसू दाबावं लागतं. रीड-रेड-रेड मात्र कुणालाच आवडत नाही. लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरं, ही त्यांच्या लेखी चक्क फसवणूक आहे. 'लाय-ले-लेन' आणि 'ले-लेड-लेड' या जोडगोळीत तर आडवं कोण होतं आणि अंडं कोण घालतं, याचा निकाल दहावी संपेपर्यंत लागत नाही. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि तिथलं पोर सायकलवर, एका हाताने दप्तर सावरत, बरोबर आपल्याच रस्त्याला लागतं. बारा काळांत मात्र ते हमखास चुकतं.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तो जातो, ती जाते, ते जातात, तुम्ही जाता. माणूस बदलला की क्रियापद बदलायचं, बाई असली की बदलायचं, मान द्यायचा असला की पुन्हा बदलायचं. हे सगळं आपलं पोर शाळेचं तोंड पाहण्याआधी, कुणी न शिकवता, अंगणात खेळता खेळता शिकून बसलेलं असतं. त्या मानाने इंग्रजीचं मागणं किती माफक. बाकी कुणाला काही लावू नका, फक्त ही, शी, इटला एक एस लावा. एवढा एक एस. तो आयुष्यभर राहतो! एम. ए. झालेल्यांच्या अर्जातही मी तो राहिलेला पाहिला आहे.

आणखी एका ठिकाणी पोरं मोठ्या निष्ठेने चुकतात. 'माझे कुटुंब' या दहा ओळींच्या निबंधात एक वाक्य ठरलेलं असतं: 'माय फादर आर अ फार्मर.' त्याच्या पुढचं वाक्य: 'माय मदर इज अ हाउसवाइफ.' सर 'आर' वर फुली मारतात आणि 'इज' लिहितात. पोरगी वही घेऊन जागेवर जाते, पण पटलेलं नसतं. घरी वडील येतात आणि आई येते. वडील जेवतात, आई वाढते. बापाला 'इज' लावायचं म्हणजे भर वर्गात अरेतुरे करायचं. तिची चूक व्याकरणाची आहे हे खरं, पण त्या दोन ओळींत आपल्या घरांचा सगळा जमाखर्च उतरलेला आहे. आई 'इज' का आणि वडील 'आर' का, हा प्रश्न अपेक्षित प्रश्नसंचात येत नाही. लाल पेनाने मात्र निदान वहीपुरतं दोघांना एका पातळीवर आणून ठेवलं. इंग्रजांनी आपल्याला काय दिलं यावर वाद घालणाऱ्यांनी हा 'इज' हिशेबात धरायला हरकत नाही.

आता 'डू'. 'डू यू प्ले?' यातल्या 'डू'चा अर्थ काय, असं एखादं चौकस पोर विचारतंच. "त्याला अर्थ नाही, पण तो लावावा लागतो," असं सर सांगतात आणि तेच खरं आहे. लग्नातल्या रुसून बसणाऱ्या मामासारखा हा 'डू'. काम काडीचं नाही, पण मांडवात दिसला नाही की सगळं अडतं. आणि तो आला की क्रियापदाचा एस स्वतःच्या खांद्यावर घेतो, 'डझ' होतो, क्रियापदाला मोकळं करतो. हे एवढं ज्याच्या ध्यानात आलं त्याचं निम्मं इंग्रजी झालं. बहुतेक जण 'डझ ही प्लेज' लिहून दोघांनाही ओझं उचलायला लावतात.

एका धड्यात मात्र आपल्या भागाचा हात कुणी धरू नये अशी परिस्थिती आहे. चालू वर्तमानकाळ. गाइडात त्याचा अर्थ 'तो आंबा खात आहे' असा छापलेला असतो. पण नांदेडात कुणी काही 'खात आहे' का? तो आंबा खायलाय. ती अभ्यास करायलीय. मी येयलोय ना बाबा, जरा थांब. लातूर-उदगीरकडं आणखी पुढं: काय करूलालास? खातो ते रोजचं, खायलाय ते आत्ताचं, समोर चाललेलं. या दोहोंत आमची चार वर्षांची पोरगीही गफलत करणार नाही. रोजच्याला एस, चाललेल्याला आयएनजी, इतकी सरळ वाट घरातच पडलेली आहे. पण वर्गात शिरताना 'खायलाय' पायताणाबरोबर बाहेर काढून ठेवायचं, ही आपली रीत. मग पोरं आधी 'खात आहे' ही परकी मराठी शिकतात आणि तिच्यावरून इंग्रजी. एखादे सर फळ्याकडे पाठ करून सहज म्हणतात, "खायलाय म्हणलं की आयएनजी, बस," आणि त्या वर्गाचा चालू वर्तमानकाळ जन्मभर पक्का होतो. असे सर गाइड लिहीत नाहीत, ही खरी अडचण.

खरं तर भाषांची या मुलखाला भीती नाही. देगलूर-बिलोलीच्या पोराच्या कानावर तेलुगू असते, उदगीरकडं कानडी, नांदेडच्या बाजारात दखनी, गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी. मराठी शाळेत इंग्रजीला 'तृतीय भाषा' म्हणतात, पण धर्माबादच्या मिरची बाजारात बापाबरोबर बसणाऱ्या पोराची ती पाचवीसुद्धा असेल. बाकीच्या चार त्याने तक्त्याशिवाय उचललेल्या असतात. तक्ता लागतो तो एकट्या पाचवीला, कारण ती बाजारात कुणी बोलत नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीची तऱ्हा आणखी निराळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा निजामाचा मुलूख. माध्यमिक शाळेची भाषा उर्दू, आणि हैदराबादला १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. त्यामुळे व्याकरण म्हटलं की उर्दू संज्ञा. क्रियापद म्हणजे फेल आणि वर्तमानकाळ म्हणजे हाल. मराठी घरातून आलेल्या पोराला व्याकरणाच्या तासाची कल्पना पहिल्याच दिवशी यायची. पुढे महाराष्ट्रात आलो आणि इंग्रजी पाचवीला आली. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ती पहिलीला आली. त्यावर तेव्हा केवढा वाद झाला! आता जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीची पोरं 'स्टँड अप, सिट डाउन' वर उठाबशा काढतात आणि त्या वादाची आठवणही कुणाला नाही.

दहावीच्या घरात लाल पुठ्ठ्याचं रेन अँड मार्टिन हमखास सापडतं, बहुधा थोरल्या भावाचं, पहिल्या पानावर तीन नावं खोडलेलं. यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि 'बो जेस्ट' ही १९२४ ची त्यांची कादंबरी जगभर गाजली. वाळवंट, फ्रेंच फौज, साहस, सगळं आहे तिच्यात. इतक्या रंगतदार माणसाने आपल्यासाठी मात्र 'खालील वाक्यांतील चुका दुरुस्त करा' एवढंच ठेवावं, याचं वाईट वाटतं. असो. रॅपिडेक्सवरच्या कपिल देवच्या भरवशावर इंग्रजी शिकायला निघालेलेही बरेच होते. त्यांचं पुस्तक पहिल्या तीस पानांपर्यंत मळलेलं आणि पुढे कोरं असायचं.

या घोकंपट्टीला हसणारे पुष्कळ आहेत. बारा काळ पाठ, पण पुण्याच्या मुलाखतीत तोंड उघडत नाही, हा 'लातूर पॅटर्न'वरचा नेहमीचा टोमणा. गंमत अशी, की त्या पॅटर्नशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते डॉ. जनार्दन वाघमारे इंग्रजीचेच प्राध्यापक. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठीला परिचय करून देणारे. इंग्रजीतून जग पाहिलेला माणूस हा. टोमणा खोटा नाही, पण त्यात एक गोष्ट सुटते. ज्याच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्याला नियम लागत नाही. 'ही डोन्ट' कानाला खटकलं की झालं. का खटकलं ते त्याला सांगता येत नाही आणि कुणी विचारतही नाही. लोह्याच्या किंवा औशाच्या पोराचा कान मोकळाच असतो, त्यात खटकायला काही नाही. त्याला नियम द्यावाच लागतो. आणि नियमाचा गुण असा, की तो कुणाच्या ओळखीचा नसतो. डझ आला की एस जाणार, मग लिहिणारा सरपंचाचा पोरगा असो की सालगड्याची पोरगी. आपल्याकडे ओळखीपाळखीशिवाय लागू होणाऱ्या गोष्टी आहेतच किती? कोऱ्या कानाच्या पोरांना सूत्र आवडतं त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. 'डू ऍज डायरेक्टेड' हा परीक्षेतला प्रश्न ती आनंदाने सोडवतात. सांगितलं तसं केलं की सांगितलेले गुण मिळतात, असा व्यवहार त्यांना दुसरीकडे फारसा भेटत नाही.

बोलणं मात्र अडतं, आणि ते सूत्राने सुटणार नाही. त्याला ऐकणारा लागतो. तो ट्यूशनच्या फीमध्ये मिळत नाही.

प्रयोग बदलताना आमची पोरं विशेष खुलतात. कर्ता मागे, कर्म पुढे, मध्ये बी-चं रूप, क्रियापदाचं तिसरं रूप आणि शेवटी 'बाय'. रामाने रावणाला मारलं, रावण रामाकडून मारला गेला. तोंडी हिशेबाच्या वेगाने होतं हे. यात नवल नाही. कर्मणी प्रयोगाचं वातावरणच आहे आपल्याकडे. रस्ता मंजूर करण्यात आला आहे. निधी वर्ग करण्यात येत आहे. सर्वांना कळविण्यात येते की. यातला कर्ता सापडला आहे असं कधी झालं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा व्याकरणाच्या वहीला साजेसं वाक्य दारात येऊन उभं राहिलं होतं: 'वॉटर वॉज ब्रॉट टू लातूर बाय ट्रेन.' बायच्या पुढे ट्रेन लिहिली की एक गुण खिशात. पुढाऱ्याचं नाव लिहायला गेलं तर पुरवणी मागावी लागते.

तरतमभावाच्या धड्यात नदी आली की असंच होतं. 'गोदावरी इज लाँगर दॅन मांजरा.' वाक्य बिनचूक, नकाशाप्रमाणे. मांजरा गोदावरीलाच जाऊन मिळते. पण उन्हाळा तोंडावर असला की वर्गातून आवाज येतोच, "सर, लाँग असून काय करायचं, पाणी कुठंय?"

उरला तो तक्त्यातला शेवटचा, बारावा काळ. चालू पूर्ण भविष्यकाळ. 'विल हॅव बीन' आणि पुढे आयएनजी. चार शब्दांचं हे क्रियापद जिल्ह्यात कुणी बोलताना ऐकलेलं नाही. परीक्षेत ते क्वचित येतं आणि सरही तास संपत आला की ते "घरी वाचा" म्हणून सोडतात. माझी त्यांना एक सूचना आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग २००८-०९ च्या अर्थसंकल्पात मंजूर झाला. त्यातला वर्धा ते कळंब एवढा तुकडा २०२४ साली सुरू झाला. तेव्हा फळ्यावर एक वर्ष लिहावं, कुठलंही, आणि त्या सालापर्यंत ते हा मार्ग किती वर्षं बांधत आलेले असतील, असं पोरांना करायला लावावं. 'दे विल हॅव बीन बिल्डिंग.' गणिताचाही सराव होईल. सरांनी फक्त वर्ष दरसाल पुसून नवं घालायची तयारी ठेवावी.